उंची नेमकी कशाची वाढते?

मोटारगाडीचे अंग जमिनीपासून अधिक वर नेणाऱ्या सुट्या भागांच्या संचाला बाजारात ‘लिफ्ट किट’ म्हणतात. त्यात लांब किंवा अधिक ताठ स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉकअप आणि काही लहानमोठ्या पट्ट्या, बुश, बोल्ट असतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा शब्द रानवाटांवर गाडी घालणाऱ्या मूठभर हौशी मंडळींपुरता होता. आज तो आमच्या करावे गावात चहाच्या टपरीवर ऐकू येतो. नेरुळ, सीवूड्स, बेलापूर या पट्ट्यात महिंद्रा थार किती दिसतात हे कळायला पाम बीच रस्त्यावरच्या एखाद्या सिग्नलला पाच मिनिटे उभे राहणे पुरते. त्यांतल्या बऱ्याच मूळ उंचीच्या असतात, काही उचललेल्या असतात, आणि उरलेल्यांचे मालक ‘उचलावी का?’ या विचारात असतात.

वाङ्मयीन अंकात स्प्रिंगांची चर्चा कशाला, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. पण हा प्रश्न दिसतो तितका निव्वळ यांत्रिक नाही. घरातला पैसा, गाडीत बसणाऱ्यांचा जीव, कायदा आणि खाडीकाठची जमीन अशा चार गोष्टी त्यात गुंतल्या आहेत. एवढे असून त्याची चर्चा मराठीत लिहिली जात नाही. ती गॅरेजात तोंडी होते आणि बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या तोंडून होते. मी अभियंता नाही. खाडीकाठच्या गावांतली वाहने, होड्या, त्यांचे भाग आणि त्या भागांची कारागिरांच्या तोंडची नावे नोंदवून ठेवणे हा माझा पंचवीसेक वर्षांचा उद्योग. त्या नोंदी चाळताना आणि मिस्त्र्यांशी बोलताना माझ्या ध्यानात आले ते एवढेच, की किट कोणते घ्यावे या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. उंची वाढते ती नेमकी कशाची?

टांग्यापासून थारपर्यंत

जीप आपल्याकडे आली ती मुंबईच्या वाटेने. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मुहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच माझगावला अमेरिकन विलिस जीपची जोडणी सुरू झाली.

त्या जीपच्या चारही चाकांवर पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली चळत होती. मिस्त्री तिला कमानपाटा म्हणतात, किंवा नुसते पाटे. हा शब्द जीपबरोबर जन्मलेला नाही. टांग्याला आणि व्हिक्टोरियाला अशाच कमानी असत. रस्त्यावरून घोडा गेला तरी शब्द गॅरेजात राहिला. ऑक्टोबर २०१० मध्ये पहिली थार आली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला पाटेच होते. पुढे मात्र, मोठ्या डिझेल इंजिनाच्या प्रकारात, दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होत आणि स्प्रिंगचे काम पिळाची एक लांब दांडी करीत असे. २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेल्या नव्या थारने पाटे सोडले. पुढे स्वतंत्र चाके, मागे अखंड ॲक्सल आणि चारही ठिकाणी वेटोळ्याची स्प्रिंग, अशी तिची मांडणी आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. एकाच ‘थार’ नावाखाली तीन तऱ्हेच्या स्प्रिंगा येऊन गेल्या आहेत आणि उंच करण्याची रीत प्रत्येकीची वेगळी आहे. मित्राच्या गाडीला जे बसले ते आपल्या गाडीला बसेल, हे नावावरून ठरवता येत नाही.

आस आणि अंग

बैलगाडीला स्प्रिंग नसते. तिचा आस चाकाच्या तुंब्यातून, म्हणजे चाकाच्या बरोबर मध्यातून जातो. चिखलाच्या वाटेवर आस घासू नये असे वाटले तर सुताराजवळ एकच उपाय असे, चाक मोठे करणे. ओझ्याच्या बैलगाड्यांची चाके छातीपर्यंत उंच असत त्याचे एक कारण हेच.

थारचा मागचा ॲक्सल या बाबतीत बैलगाडीचा सख्खा वंशज आहे. तोही चाकांच्या मध्यातून जातो. त्याच्या मध्यावर दातेरी चक्रांचा गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात, आणि अखंड ॲक्सलच्या गाडीत बहुधा हाच भाग जमिनीला सर्वांत जवळ असतो. आता स्प्रिंग कोठे आहे ते पाहा. ती ॲक्सलच्या वर बसते आणि तिच्या वर गाडीची चौकट. लांब स्प्रिंग घातली की चौकट वर जाते, तिच्यावरचे अंग वर जाते, माणसे वर जातात. ॲक्सल आणि त्याच्या मध्यावरचा गोळा मात्र होता तेथेच राहतो, कारण त्याची उंची चाक ठरवते, स्प्रिंग नव्हे. भातखाचराच्या वाटेवर ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर जी गाडी डिफरन्शियलवर अडकून बसते, ती दोन इंच उचलल्यावरही तेथेच अडकते. फक्त अडकलेली अधिक रुबाबदार दिसते.

यातून सुटायचे तर दोनच मार्ग आहेत. एक मोठ्या टायरचा. दुसरा चाकाच्या तुंब्याशी जादा दातेरी चक्रे बसवून ॲक्सलच वर नेण्याचा. जर्मनीच्या उनिमोग ट्रकची ती ओळख आहे. आपल्या घरगुती गाड्यांना तो परवडणारा नाही.

मग लिफ्ट किटने काय साधते? गाडी जमिनीला चार ठिकाणी भिडू शकते. त्यांना मी नाक, पोट, शेपूट आणि आस म्हणतो. चढ सुरू होताना पुढचा बंपर टेकतो ते नाक. उंचवट्यावरून जाताना दोन चाकांमधला भाग टेकतो ते पोट. उतार संपताना मागचा बंपर घासतो ते शेपूट. कंपनी या तिन्ही कोनांचे आकडे देते. नव्या थारमध्ये ते प्रकारानुसार थोड्या फरकाने सुमारे ४१, २६ आणि ३६ अंश आहेत, जमिनीपासूनची किमान उंची २२६ मिलिमीटर सांगितली आहे आणि पाण्यातून जाण्याची खोली ६५० मिलिमीटर. स्प्रिंगच्या किटने नाक, पोट आणि शेपूट सुधारतात. अखंड आस सुधारत नाही. पुढची चाके स्वतंत्र असल्याने पुढचा डिफरन्शियल चौकटीला बांधलेला असतो, तो चौकटीबरोबर वर जातो. मागचा जात नाही.

म्हणून किट पाहायला जाण्याआधी गाडीखाली शिरावे. तेथे ओरखड्यांचा एक नकाशा असतो. दगडाने पोट खरचटले आहे का, मागचा गोळा घासला आहे का, की नुसते बंपरचे प्लास्टिक सुटले आहे, हे त्यावरून कळते. ओरखडे गोळ्यावर असतील तर स्प्रिंग हे त्याचे औषध नाही. ओरखडे कोठेच नसतील तर आजार कोणता, हाच प्रश्न आहे.

उंच करण्याच्या वाटा

पहिली वाट टायरची. टायरवरच्या २५५/६५ आर १८ या अक्षरांत त्याचा सारा जमाखर्च असतो. रुंदी २५५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के आणि आतली रिम १८ इंची. हिशेब केला तर टायरचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर येतो. व्यास ४० मिलिमीटरने वाढवला तर ॲक्सल वर जातो तो २०ने, कारण वाढीचा निम्मा भाग आसाच्या वर असतो. शिवाय चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढल्यामुळे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने धावत असते. चाक जड झाल्याने वेग घ्यायला आणि थांबायला अधिक जोर लागतो.

दुसरी वाट चकतीची. स्प्रिंगच्या वर किंवा शॉकअपच्या माथ्यावर धातूची अथवा कडक रबराची चकती बसवतात. ही सर्वांत स्वस्त. पुढच्या स्वतंत्र चाकांत स्प्रिंग लोअर आर्मच्या टोकाला नसून आतल्या बाजूला बसते, त्यामुळे माथ्यावरची २५ मिलिमीटरची चकती चाकापाशी त्याहून बरीच अधिक उंची देते. हे न कळल्याने काही गाड्या नाक वर करून फिरताना दिसतात. चकतीची खरी अडचण दुसरी आहे. चाकाला वर दबायला आणि खाली लटकायला मिळून जेवढी जागा आहे ती वाढत नाही. गाडी जेवढी उचलली तेवढी लटकण्याची जागा कमी होते. खड्ड्यात चाक खाली जाऊन जमीन धरू शकत नाही, ते अधांतरी राहते. रानवाटेवर पकड देणारी गोष्टच अशाने विकली जाते. जुन्या थारमध्ये पिळाच्या दांडीचा बोल्ट आवळून नाक वर करतात, त्याचाही परिणाम हाच.

तिसरी वाट अंग उचलण्याची. चौकट आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालतात. याने मोठ्या टायरला जागा मिळते, पण चौकट, इंजिनाखालचा भाग आणि ॲक्सल यांपैकी काहीच वर जात नाही. सुकाणूच्या दांड्याला आणि नळ्यांना मात्र ताण बसतो.

चौथी वाट पाट्यांची, जुन्या जीपवाल्यांची. चळतीत एक पाटा वाढवतात, किंवा पाट्याच्या टोकाची शॅकल लांब करतात. शॅकल एकाच टोकाला असल्याने ती ५० मिलिमीटरने लांबवली तर गाडी सुमारे २५नेच उंच होते आणि ॲक्सल थोडा फिरून त्याचा कोन बिघडतो. काही जण ॲक्सलच्या खाली असलेले पाटे त्याच्या वर आणून बसवतात. त्याने एकदम चार-पाच इंच मिळतात, पण जोर देताच ॲक्सल स्वतःभोवती पिळू पाहतो आणि ब्रेकपासून सुकाणूपर्यंत सारे पुन्हा जुळवावे लागते.

पाचवी वाट म्हणजे खरे किट: ठरावीक वजनासाठी घडवलेली स्प्रिंग आणि तिच्या लांबीला जुळणारा शॉकअप. ऑस्ट्रेलियाचे ओल्ड मॅन इमू, थायलंडचे प्रोफेंडर अशी नावे या बाजारात नेहमी घेतली जातात. नावापेक्षा महत्त्वाचा असतो तो खोक्यावरचा एक तपशील, ज्याकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो म्हणजे वजनाचा.

वजनकाट्यावर

स्प्रिंग उंचीसाठी निवडायची नसते, भारासाठी निवडायची असते. उंची हे त्या निवडीचे फळ. समजा पुढच्या स्प्रिंगचा ताठपणा चाकापाशी मिलिमीटरमागे तीन किलो आहे, म्हणजे तीन किलो ओझ्याने ती एक मिलिमीटर दबते. पुढे लोखंडी बंपर आणि ओढयंत्र मिळून ७५ किलो चढवले तर प्रत्येक चाकावर साधारण ३८ किलो येतात आणि नाक बारा-तेरा मिलिमीटर खाली बसते. ही बैठक भरून काढायला अधिक ताठ स्प्रिंग हवी. पण तीच ताठ स्प्रिंग बंपर नसलेल्या रिकाम्या गाडीत घातली, तर गाडी ठरल्यापेक्षा उंच राहते, प्रत्येक खड्ड्यात उसळते आणि चाके रस्ता सोडतात. चांगले उत्पादक एकाच गाडीसाठी हलक्या, मध्यम आणि जड भाराच्या वेगवेगळ्या स्प्रिंगा विकतात त्या याचसाठी.

माझा पुतण्या गेल्या वर्षी म्हणाला, “काका, गारी उचलाची हाय. दोन इंच.” आम्ही आधी तुर्भ्याकडे ट्रकांच्या वजनकाट्यावर गेलो. टाकी भरलेली, रोजचे सामान आत. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. त्यानंतर घरची माणसे बसवून पुन्हा तेच. मागचे आसन जवळजवळ मागच्या ॲक्सलवरच असल्याने माणसांचे बरेचसे वजन मागे जाते, हे कागदावर दिसले. मग चाकाच्या तुंब्याच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजले. जमिनीपासून मोजले तर टायरमधली हवा आणि झीज हिशेबात घुसते, म्हणून तुंब्यापासून मोजायचे. पुढे केव्हाही स्प्रिंग बसली का, किट सांगितल्याइतके उंच झाले का, हे तपासायला याच चार आकड्यांचा आधार असतो.

गाडीखालचे ओरखडे पाहिले तर ते पुढच्या पत्र्यावर आणि मागच्या बंपरच्या कडेला होते. पोट कोरे होते. गाडी आठवड्याचे सहा दिवस कामावर जाते, महिन्यातून एकदा सासुरवाडीला पेणला आणि पावसाळ्यात दोन-तीनदा कर्जतच्या रानात. आणखी एक मोजमाप माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, न विचारता दिले. तिचे गुडघे गेले आहेत. “मना आदीच शिरी लागते,” ती म्हणाली, “अजून वर केलीस त मी रिक्षानंच जायन.” कोणत्याही खोक्यावर न छापलेला हा आकडा आम्ही वहीत सर्वांत वर लिहिला.

शॉकअपचे काम

स्प्रिंग भार उचलते, शॉकअप तिची उसळी थांबवतो. शॉकअपच्या नळीत तेल असते, त्यातून दट्ट्या वरखाली होतो आणि बारीक छिद्रांतून तेल ढकलताना उसळीची शक्ती उष्णतेत बदलते. दगडांच्या लांब वाटेवर हे तेल तापते, फेसाळते आणि शॉकअप ‘मरतो’, असा मिस्त्र्यांचा शब्द आहे. नळीत दाबाखाली नायट्रोजन भरतात तो फेस रोखण्यासाठी. ज्या गाडीला अधिक उंच करायचे असे मालकाला वाटत असते, तिला पुष्कळदा हवा असतो तो चांगला शॉकअप. उसळी आटोक्यात आली की पोट आपोआप कमी टेकते.

निवडताना दोन लांब्या विचाराव्यात, पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण मिटल्यावरची. उंच स्प्रिंगला जुना आखूड शॉकअप ठेवला तर चाक लटकताना तो पट्ट्यासारखा ताणला जाऊन तुटतो. उलट, मिटल्यावरही लांब राहणारा शॉकअप घातला तर मोठ्या आदळीत रबरी थोपा लागण्याआधीच त्याचा तळ फुटतो. शॉकअप बनवण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईतच सुरू झाली. विचारायचे ठाऊक असेल तर उत्तर देणारी माणसे महाराष्ट्रात आहेत.

उंचीची किंमत

करावे येथे टी. एस. चाणक्य ही नाविक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी संस्था आहे. १९२७ च्या ‘डफरिन’ आणि १९७२ च्या ‘राजेंद्र’ या प्रशिक्षण जहाजांची परंपरा १९९३ पासून तिने किनाऱ्यावर चालवली. जहाजाचा गुरुत्वमध्य वर गेला की ते कलंडायला सोपे होते, हा तिथल्या मुलांचा प्राथमिक धडा. तो गावातल्या कोळ्यांना शाळेविना ठाऊक होता. होडीत जड वस्तू तळाशी ठेवायची आणि लाटेत उभे राहायचे नाही, हे लहानपणीच शिकवले जाई.

गाडीचे गणित तेच. समजा डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटर उंचीवर आहे. गाडी ताठ पेटीसारखी मानली तर ती सुमारे ४७ अंश कलल्यावर उलटते. अंग ५० मिलिमीटर उचलले तर, चाके आणि ॲक्सल जागीच राहत असल्याने, गुरुत्वमध्य साधारण ४० मिलिमीटर वर जातो आणि तो कोन साडेपंचेचाळीसवर येतो. दीड अंश म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. धावत्या गाडीत वळणावर अंग झुकते, टायर दबतात, टपावरच्या कॅरियरमध्ये सामान असते, आणि समोर अचानक कोणी आल्यावर सुकाणू झटक्यात फिरते. पाम बीचसारख्या सरळ, रुंद, वेगाचा मोह पाडणाऱ्या रस्त्यावर तो दीड अंश ज्या क्षणी लागतो, त्या क्षणी दुसरीकडून उसना आणता येत नाही.

बाकी किंमत हप्त्याने वसूल होते. पुढच्या चाकांकडे शक्ती नेणारे दांडे तिरपे चालतात, त्यांचे सांधे लवकर झिजतात. ज्या गाड्यांत ॲक्सलला आडवा धरणारा एक दांडा असतो, त्यांत उचलल्यावर ॲक्सल किंचित एका बाजूला सरकतो. सुझुकी जिम्नीसारख्या, पुढेही अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत चाकांचा मागे झुकलेला कोन कमी होतो आणि वेगात सुकाणू भटकते. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि चाकांवरच्या तारा ताणल्या जातात. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून किटच्या किमतीत चाकांची जुळणी, दिव्यांची पातळी, लांब नळ्या आणि हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळणे हा खर्च धरूनच सौदा करावा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ मालकाला गाडीत असा बदल करण्यास मनाई करते, ज्यामुळे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील. केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलांवरच बोट ठेवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात मालकासाठी तरतूद आहे. ‘सगळेच करतात’ हे गॅरेजातले उत्तर रस्त्यावर चालून जाते. अपघातानंतर विमा कंपनीपुढे आणि न्यायालयात चालत नाही. तेथे पहिला प्रश्न गाडी मूळ स्थितीत होती का, हा असतो.

ऑस्ट्रेलियात किती उंचीपर्यंतचा बदल चालेल आणि त्यापलीकडे अभियंत्याचे प्रमाणपत्र केव्हा लागेल, हे नियमांत लिहिलेले आहे. त्यामुळे तेथले किट घडवणारे, विकणारे आणि बसवणारे एका मर्यादेत वागतात. आपण तेथून किट आणतो, ती मर्यादा आणि ते प्रमाणपत्र येत नाही. बंदिस्त मैदानावरच्या स्पर्धांची गोष्ट वेगळी. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या गाड्या त्या कामासाठीच घडवतात. त्या गाडीचे माप घेऊन आजीला दवाखान्यात नेणारी गाडी शिवता येत नाही.

वाट कोणाची

उंच गाडीला वाट लागते. सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या पायऱ्यांवर नाक आणि पोट महत्त्वाचे. तेथे मर्यादित उंची आणि खालून जाड पत्रा उपयोगी पडतो. कोकणातल्या पावसाळी चिखलात टायरची नक्षी आणि चालवणाऱ्याचा संयम कामी येतो. उंचीचा उपयोग तेथे थोडा. वाळूत टायरमधली हवा कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. वाळू म्हटली की आपल्याकडे समुद्रकिनारा आठवतो, आणि भरतीत अडकलेल्या गाड्यांची छायाचित्रे दर मोसमात वर्तमानपत्रांत येतात. खारे पाणी त्या गाडीच्या ब्रेकमध्ये आणि तारांत शिरते, ते कोणत्याही उंचीच्या किटने निघत नाही.

आमच्या दाराशी चिखल आहे तो खाडीचा. पाम बीच रस्त्याच्या पलीकडे कांदळवन आणि पाणथळी आहेत, हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला आणि त्यांवरच्या भरावाला बंदी घातली. रुंद टायर या चिखलात रुतला की चाकोरी पडते, पाण्याची वाट बदलते, आणि ज्या गाळात कालवे-खेकडे वाढतात तो दाबला जातो. ही जमीन ओस दिसते. कोळ्याला ती तशी दिसत नाही.

निवडीचा क्रम

एवढ्या चर्चेनंतर क्रम सांगता येतो. प्रथम गाडीखालचे ओरखडे पाहावेत आणि कोठे टेकते ते ठरवावे. आस टेकत असेल तर कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या मापांत जे मोठे टायर असतील ते पाहावेत. मग टायरमधली हवा, नक्षी आणि झिजलेले शॉकअप तपासावेत. मग वजनकाट्यावर जावे. त्यानंतरही पोट टेकत असेल आणि गाडीवर कायमचे ओझे असेल, तर भाराप्रमाणे स्प्रिंग आणि जुळणारा शॉकअप निवडावा, उंची कमीत कमी ठेवावी, नुसती चकती टाळावी, आणि परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी. लेखी नकार आला तर ते उत्तर समजावे.

पुतण्याची वही या क्रमाने भरत गेली आणि तिसऱ्या पायरीवर थांबली. मान्य मापाचेच पण रानाच्या नक्षीचे टायर, पुढे खालून जाड पत्रा, आणि चालवायला शिकण्यासाठी दोन दिवस, एवढ्यात त्याचे काम भागले. महिंद्राने इगतपुरीजवळ रानवाटांवर गाडी चालवण्याची प्रशिक्षण संस्था काढली आहे. अशा ठिकाणी कोणत्या दगडावर कोणते चाक ठेवायचे हे शिकवतात. मागचा गोळा खड्ड्यावरून न्यायचा आणि चाक दगडावर चढवायचे, हे ज्याला जमते त्याच्या गाडीची उंची पैसे न भरता वाढलेली असते.

बैलगाडी हाकणाऱ्याला हे ठाऊक होते. तो चाकोरीत दगड आला की बैल अलीकडे ओढी आणि चाक दगडावर घेई, म्हणजे आस मोकळा राही.